घसा निर्दोष असल्याबद्दल

४ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प (उशिरा, पण विचारपूर्वक): उन्हाळ्याच्या आत चिरंजीवांकडे कायमचं राहायला जायचं. नातवाच्या खोलीत दुसरी कॉट मावते. मागच्या खेपेला विती टाकून पाहिलं आहे.
अडचण एकच. सूनबाई फोनवर म्हणाली, "बाबा, या की, पण आधी ते घोरण्याचं दाखवून घ्या. मध्येच श्वास थांबतो तुमचा. आम्हाला धडकी भरते."
मी घोरत नाही. इतकी वर्षं झोपतो आहे, एकदाही ऐकू आलेलं नाही. नातू गादी उचलून स्वयंपाकघरात गेला होता, तो फ्रिजजवळ गार वाटतं म्हणून. थंडीतसुद्धा उकडतं पोरांना.

९ जानेवारी
घशाचे डॉक्टर. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. विचारलं, झोपेत श्वास अडकतो असं घरातलं कोणी सांगतं का? म्हटलं, घरात मीच असतो, आणि मी तर काही म्हणत नाही.
आधी हनुवटीखालून सोनोग्राफी करू म्हणाले. जीभ मुळाशी किती जाड, श्वासाची वाट किती अरुंद, त्याचा अंदाज येतो. तीही जागेपणी! मनात हसलो. जागेपणी कोण घोरतं? निम्मी लढाई इथेच जिंकली.

१० जानेवारी
तयारी सुरू. रोज सकाळी आरशासमोर शाळेतल्या कविता, खड्या आवाजात. पाठांतराची ढाल मिळवलेला घसा आहे हा. मास्तर म्हणायचे, तुझ्या आवाजाने शेवटच्या बाकावरची पोरं जागी होतात.
आज तीन कविता. चौथीला खोकला. हवा कोरडी.

१३ जानेवारी
घसा बसला. विश्रांती हाही व्यायामच.
चहा ठेवून पेपर उघडला तर डोळा लागला. पातेलं जळून काळं. जुनंच होतं. शिवाय अग्रलेख कंटाळवाणा.

१६ जानेवारी, दुपार
सोनोग्राफी झाली. बाहेर बाकावर सगळ्या पोटुशा मुली, प्रत्येकीच्या सोबत कोणीतरी. एकीच्या आईने विचारलं, सुनेला घेऊन आलात का? म्हटलं, नाही, माझीच आहे. त्या जरा सरकून बसल्या.
आत डॉक्टरीणबाई, सूनबाईच्याच वयाच्या. गळ्याला गारेगार जेली. जीभ अगदी शांत ठेवा, नाकाने श्वास घ्या. ठेवली. लगेच, "आजोबा, बोलताय का काही?" मी मानेनेच नाही म्हटलं. "मग ही वळवळतेय कशाला?"
सांगावं लागलं. मनात कविता चालली होती. ती हसली. म्हणाली, "एकदा म्हणून टाका मोठ्याने, म्हणजे गप्प बसेल."
म्हटली. पडद्यावर करड्या लाटा उठत होत्या. माझी कविता मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटचं कडवं आठवेना, तर ते तिने म्हटलं. तिलाही शाळेत होती! उठूच नये असं वाटलं.
मग नाक-तोंड बंद करून श्वास आत ओढायला लावला. पडद्यावरची वाट मिटल्यासारखी दिसली. मशीन जुनं असावं.

२० जानेवारी
घशाचे डॉक्टर म्हणाले, जीभ मुळाशी जाड आहे, वाट अरुंद. हा अंदाज, खात्रीसाठी एक रात्र इथे येऊन झोपायचं. मी ढालीचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
विचारलं, पूर्वी कोणी झोपेतून उठवायचं का?
म्हटलं, ही होती तेव्हा कोपराने ढोसायची. लग्नापासून. तिला झोप कमी, मध्येच कविता ऐकायची लहर यायची. मी लगेच एखादी म्हणायचो. दुसऱ्या कडव्याला ती गाढ.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, त्या तुम्हाला श्वास घ्यायला उठवत होत्या."
मी म्हटलं, तुमचा पंखा फार आवाज करतो.

२१ जानेवारी
तिने कधी कुठली कविता मागितली होती, ते आठवून पाहिलं. एकही नाही. "हं" म्हणायची. नुसतं "हं".
आरशासमोरचा व्यायाम बंद. थंडी आहे.

८ फेब्रुवारी
झोपेची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंच्या पडद्याचं खरं निघालं. रोज मास्क लावून झोपायचं. उशाशी छोटं मशीन, ते हवा देत राहतं.
सूनबाईला कळवलं. "बाबा, आता खुशाल या, कॉट आणून ठेवते." मागून नातू ओरडला, "आजोबा, मशीनचा आवाज येत नाही ना? मग मी माझ्याच खोलीत झोपणार!"
म्हणजे फ्रिजचा काही संबंध नव्हता.

११ फेब्रुवारी, सकाळ
मास्क लावून पहिली सलग झोप. कितीतरी वर्षांनी डोकं हलकं. डॉक्टर हुशार आहेत, मान्य.
मास्कमध्ये कविता म्हणता येत नाही. करून पाहिलं.
रात्रभर कोणी ढोसलं नाही.
आज बॅग भरायचं ठरलं होतं. उद्या भरू. जेवण झाल्यावर जरा पडतो, तिच्या बाजूला सरकून. मास्क न लावता. आजच्यापुरतं.