उकळलेलं पाणी आणि न धुतलेली बाटली

घरच्या आरोग्यखात्यास सप्रेम नमस्कार,

तब्येत उत्तम आहे, म्हणजे कालपासून. चार दिवस पोट बिघडलं होतं, आता पेज पचते. काळजी करू नकोस.

परदेशात पाळायचे म्हणून तू लिहून दिलेले सगळे नियम मी पाळले. कापलेलं फळ खाल्लं नाही, बर्फ घेतला नाही, पाणी उकळूनच प्यायलो. तरी आजारी पडलो, म्हणजे दोष दुसऱ्याचाच! वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना भर जेवणात सुनावलं, "बाई, आधी हात धुवायला शिका." व्यवस्थापकांनी त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं.

मग डॉक्टरांनी माझी पाण्याची बाटली उघडून हुंगली. "ही शेवटची कधी धुतलीत?"

"उकळलेल्या पाण्याची बाटली कशाला धुवायची?"

तीन आठवडे, अगं! झाकणातल्या रबरावर हिरवं शेवाळ होतं. पंचवीस वर्षं बाटली ओट्यावर आपोआप स्वच्छ होते, असाच माझा समज.

व्यवस्थापकांना खरं सांगून बाईंना परत आणवलं, सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी बाटली घासायचा ब्रश तेवढा माझ्या हातात दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर जेवण गोड लागलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? चिरंजीव वेळेवर जेवतात का? त्यांची बाटली मात्र आजपासून तू धुऊ नकोस. पोरगं माझ्यावर गेलंय.

तोंड वर करून बोलायची सोय न उरलेला,
तुझाच मी