गंगावेशीतला दुधाचा पेला

रविवार, दिवेलागणीला

आज लई झ्याक वाटलं. पोरगा, सूनबाई, नात सई पुण्यास्नं आल्यात, म्हणून सगळी रंकाळ्यावर गेलतो. सई घोड्यावर बसली. आमी भेळ खाल्ली. ह्यांनी न्हाय खाल्ली, केमो चालू झाल्यापासनं तोंडाची चवच गेलीया.

येताना गंगावेशीत थांबलो. म्हशी तशाच रस्त्याकडंला, गवळी तिथंच धार काढून पेला भरतोय. नवं लगीन झाल्यावर ह्यांनी मला तिथंच न्हेलतं. मी लाजून निम्मं सांडलं... असू दे ते.

हे म्हणाले, "मला एक पेला."

गवळी म्हणाला, "मालक, लई वाळलासा की!"

"म्हस वाळली न्हाय न्हवं? मग काढ."

मीच पेला हातात दिला. गटागटा प्याले. मिशीभर फेस. तेवढ्यात गाडी लावून पोरगा आला आन् वरडलाच, "आई, न उकळलेलं काय बी द्यायचं न्हाय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय की! आता ताप आला तर बाबांना झेपायचा न्हाय."

मी पाणी उकळून देते, भाजी शिजवून देते. पण धारेचं दूध? आमी तर आजारी माणसाला तेच पाजत आलोय.

आता हे पडल्यात. मिशीवरचा फेस वाळलाय, मी पुसला न्हाय. घडीघडी कपाळाला हात लावतेय. अजून गार हाय.

दवाखाना लागल्यापासनं ह्यांनी तोंडानं काय मागितलंच न्हवतं. आज मागितलं. ध्यानात असतं तर मी न्हाय म्हटलं असतं का? काय की.