स्थानिक पालकाची सही

प्रिय अजेय,

गुवाहाटीला पोचलास, बँकेच्या ब्रँचचा ताबा घेतलास, सगळं कळलं. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि मी कॉन्व्हेंटात शिकलेली, लगेच माफी मागून मोकळी होते. ऋताचा अकरावीचा फॉर्म सोमवारी द्यायचा आहे. तू आणि लीना म्हणालात, सायन्सवर खूण कर आणि स्थानिक पालक म्हणून सही ठोक. बदलीवाल्यांची ही सोय मला ठाऊक आहे. आईबाप गावोगाव, मूल कोलकात्यात आजीकडे, आणि आजी म्हणजे रबरी शिक्का.

तुला माहीत नसेल, परीक्षा संपल्यापासून ऋता आणि शेजारची नूपुर दर रविवारी बागबाजारला जातात. मराठ्यांच्या भीतीने या शहराने खणलेला खंदक नेमका कुठून जात होता, ते ऋताने गल्लीगल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर काढलं. एका आजोबांनी तिचं आडनाव ऐकलं आणि "ओ मा, बर्गी आले परत!" म्हणून हसत हसत संदेश मिठाई खाऊ घातली. बर्गी म्हणजे आपणच, लुटारू मराठे. घरी येऊन पोरगी दोन तास बोलत होती. एरवी तिच्या तोंडून दोन वाक्यं काढायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे. तो नकाशा तिने तुला पाठवला. तू अंगठा पाठवलास.

नूपुरला नाटकांचं नेपथ्य करायचं आहे. त्यावरून त्यांच्याकडे रोज भांडण. आई ओरडते, काका पोरीची बाजू घेतो, आजी दोघांनाही झापते, माशाचा रस्सा गार होतो. तिला हवं ते मिळेलच असं नाही, पण निदान त्यावर जेवताना भांडतात तरी. आपल्याकडे भांडणच नाही. महाराष्ट्र मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी ऋताला विचारलं, "इंजिनियरिंग की मेडिकल?" चहा की कॉफी विचारावं तसं. साधं पाणी हवं का, हे कुणी विचारत नाही.

काल मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुला हवं ते लिही, तुझ्या बापाला मी बघते. मला भारी शूर वाटत होतं. तिने निमूट सायन्सवर खूण केली. मी भडकले. मग तो नकाशा कशाला काढलास? तर म्हणाली, "आजी, तो छंद झाला. आपल्यात असलं काही कोणी करतं का? एक नाव सांग ना." मंडळातली सगळी घरं मनात पालथी घातली, अजेय. एक नाव सापडलं नाही.

मग तुझा फॉर्म आठवला. गोदीजवळच्या गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये तू जहाजांची वही ठेवायचास, तुला जहाजावर जायचं होतं. एका सकाळी तू शाळेत गेल्यावर मी तुझ्या फॉर्मवर कॉमर्सची खूण करून टाकली. संध्याकाळी तू ती पाहिलीस आणि फॉर्म दप्तरात ठेवून दिलास. मी चारचौघींत सांगत फिरले, माझा मुलगा किती समजूतदार. मी ती खूण केली नसती, तर काल तिला सांगायला ते एक नाव तुझं असतं. म्हणून मी सही केलेली नाही, करणारही नाही. शनिवारी ये. तुला काय व्हायचं होतं ते तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांग. ऐकूनही तिने सायन्सच लिहिलं, तर खाली सही तू कर.

तुझीच,
आई