घरच्या ब्राउझरवर कोण होतं?

एन्सिओ,

दार उघडण्याआधी हे वाच.

घरचा आणि शाळेचा ब्राउझर एकाच खात्यावर ठेवू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं नाही. आज वर्गातल्या पडद्यावर घरून कुणीतरी केलेला शोध उमटला, आणि मुलांसाठी बसवलेल्या वाचून दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनने तो मोठ्याने वाचला, “माझा एन्सिओ किती वाजता घरी येतो?”

मुलं खिदळली. “बाई, कोण विचारतंय?”

मी तडक घरी आले. कुलूप जसंच्या तसं होतं, पण संगणकापुढची तुझ्या आईंची खुर्ची गरम लागली. त्यांना जाऊन सात महिने झाले रे.

मी शेजारी रौनीकडे आहे. आधी इकडे ये. आतून त्यांनी हाक मारली, तरी ओ देऊ नकोस.

लेम्पी