हळद लागलेलं पासबुक

बाबा, तुम्हाला पत्र लिहावं असं इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही. आज लिहिते आहे ती किळस आली म्हणून. सकाळी बसस्टँडजवळच्या नव्या मोठ्या दुकानात साबण आणि तूरडाळ घ्यायला गेले होते. पैसे घेणारी मुलगी हसून म्हणाली, "आंटीजी, अब अपना बैंक भी है. खाता खुलवा लो, कपड़े पे छूट मिलेगी." मी डाळ तिथेच ठेवली आणि बाहेर पडले. त्या पोरीचा काही दोष नाही. मला डोळ्यांसमोर तुमच्या शेठची जाळीची खिडकी दिसली.

तुम्ही त्याच्या कापडदुकानात मुनीम होतात. मी आठवीत असताना त्यानं मागच्या खोलीत ती खिडकी बसवली आणि दुकानाच्याच नावाची बँक काढली. लाल पासबुक, त्यावर मोराचा छाप, लुगड्यांच्या घडीवर असायचा तोच. दर आठवड्याला जमा, वर व्याज, लग्नकार्याला उचल. उचल मात्र कापडातच मिळायची, आणि भाव शेठ सांगेल तो. तुम्ही सायकलवर लालबर्र्याच्या बाजारापर्यंत जाऊन पैसे गोळा करत होतात. बायका शेठला ओळखत नव्हत्या. "मुनीमभाऊ हायेत तं कायले भ्याचं?" म्हणायच्या आणि पदराची गाठ सोडायच्या. तुमचा सज्जन चेहरा हेच त्या बँकेचं भांडवल होतं, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

शेजारची मावशी विधवा, बिड्या वळायची. तिची मुलगी आणि मी एका बाकावर बसायचो. दोघींनी नागपूरला कॉलेजात जायचं ठरवलं होतं आणि मावशी त्यासाठीच मोराच्या पासबुकात पैसे टाकत होती. दिवाळीला शेठनं तुमच्यामार्फत निरोप धाडला, पासबुक म्हणजे लक्ष्मी, पूजेत ठेवा. घरोघरी उघडून ठेवली. बायकांनी मनापासून हळदीकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं, आणि तुमच्या सुबक अक्षरांची शाई पानभर पसरली. शेठला याचा फायदा आधीच सुचला होता की नंतर, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यातली दुपार. मी तुमचा डबा घेऊन दुकानात आले आहे, मावशी खिडकीशी उभी आहे. शेठ पासबुक उलटंसुलटं करतो.

"बाई, इसमें तो हल्दी ही हल्दी है. रकम कहाँ है?"

"अजी, तुमीच तं सांगतलं होतं पूजेत ठेवाले! मुनीमभाऊ, तुमच्या हातानं लिवलं नं? सांगा नं यायले."

तुम्ही टाक पुसत होतात. पुसून झालेला टाक पुन्हा पुसलात. "शेठजी म्हणतीन तसं," म्हणालात.

"चलो, पुराना रिश्ता है. दोन लुगडी घेऊन जा, हिसाब बराबर."

"लुगडे? कॉलेजवाले फी म्हणून लुगडे घेतेत का, शेठजी?"

गिऱ्हाइकं हसली. शेठही हसला. मावशी लुगडी न घेता गेली. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ते मला आजही सहन होत नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आईनं तुमच्यासमोर ताट आदळलं. "काहून नाही बोलले तुमी? साऱ्याईच्या जमेची मोठी वही तं तुमच्याचपाशी होती!"

"बोललो असतो तं उद्या चूल पेटली असती का?"

आठ दिवसांनी तुम्ही एक पाकीट आणलंत आणि हिरव्या रेशमाचा ब्लाउजपीस. शेठनं खूश होऊन मुलीच्या फीसाठी दिलं म्हणालात, अगदी अभिमानानं. ते कशाचं बक्षीस होतं हे घरात तिघांनाही कळत होतं. मी नागपूरला गेले. माझ्या बाकावरची मुलगी बिड्या वळायला बसली आणि पुढे किरनापुरात दिली गेली. तुम्ही म्हातारे होऊन, मान मिळवून गेलात. तिरडीमागे चालणाऱ्यांत शेठही होता.

आयुष्यभर मी तुम्हाला भित्रा म्हणत आले. पण महिनाअखेरीला मोठी वही घरी यायची, तुमचे डोळे अधू झाले होते, आणि खात्यांचे उतारे मी काढत होते. मावशीचं पान माझ्या अक्षरात होतं. एकशे अडतीस रुपये. डबा हातात धरून मी खिडकीपासून दोन पावलांवर उभी होते, तेव्हाही आकडा मला पाठ होता. मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण माझी फी अजून भरायची होती.

बाबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच मी ते लिहू शकले. किरनापूरचा पत्ता माझ्याकडे आहे. ती अजून हयात आहे. तिला मी एक ओळही लिहिलेली नाही.