दारासमोरचा तुकडा

सोमवार, ९ मार्च

चिरंजीवास,

आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. तुझी आणि सूनबाईची बरी असेल असं धरून चालतो, कारण सांगायला कोणी येत नाही. फोन तू उचलत नाहीस. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहून पत्र लिहावं लागतंय, ही तुझी कृपा.

सह्या गोळा करून तू नगरपालिकेच्या मागे लागलास आणि फूटपाथचे तुटलेले भाग भरून घेतलेस, म्हणून गावभर कौतुक चाललंय. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर मला बोलावून चहा पाजला. मी म्हटलं, "आधी काम बघून ये, मग बोल." अरे, काय ते काम! डेअरीपुढे विजेचा खांब मधोमध तसाच ठेवून दोन्हीकडून काँक्रीट ओतलंय. माणसाने काय खांबाला मिठी मारून पुढे जायचं? दवाखान्यापुढे असा उतार दिलाय की धडधाकट माणूस घसरून थेट आत भरती व्हावा. आणि तो इंजिनिअर! काळा चष्मा, इस्त्रीची पँट. पायाखाली न बघता "छान, छान" करत गेला. असल्याला मी घरची मोरी बांधायला ठेवणार नाही.

आपल्या दारासमोरचा तुकडा तेवढा राहिला होता. फूटपाथवर आलेली आपली पायरी फोडावी लागेल म्हणाले. मी म्हटलं, पायरीला हात लावलात तर तंगडी मोडीन.

तुझ्या आईला आता वॉकर घेऊन चालता येतं, हे तुला कळलं असेलच. मागच्या महिन्यात ती मला न सांगता निघाली. पायरीला वळसा घालायला रस्त्यावर उतरली, तोच टेम्पो अंगावर आला. ब्रेक लागला म्हणून वाचली. आवाज ऐकून मी बाहेर आलो, तर ड्रायव्हर वर मलाच ओरडतो, "आजोबा, म्हातारीला सांभाळता येत नाही का?" मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई मात्र शांतपणे म्हणाली, "तुम्ही पायरी सांभाळा. मी लेकाकडे जाणार म्हणजे जाणार. आज नाही तर उद्या, रस्त्यावरून."

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला म्हटलं, फोड बाबा.

काँक्रीट ओतून ती माणसं पसार झाली. त्यावर पाणी कोण मारणार, त्यांचा बाप? गोणपाटं ओली करत मीच बसलो. कुत्री हाकलली, सायकलवाल्यांशी भांडलो. तडे गेले असते तर नाव आपल्या दाराचं गेलं असतं. दुसरं काही नाही.

आज ती निघाली आहे. हे पत्र तिच्याच पिशवीत घालतोय. पिशवीत औषधांचा डबा आहे, शाल आहे आणि बदलायचे कपडे आहेत. दुपारच्या भेटीला एवढे कपडे कशाला, हे मी विचारलं नाही. पायरी होती तोवर असलं काही विचारायची वेळच येत नव्हती.

तूच विचार. राहायचं म्हणाली तर राहू दे. पांढरी गोळी जेवणानंतरची आहे, आधी देऊ नकोस. पण परत यायचं म्हणाली तर मला कळव. सूनबाईची हरकत नसेल तर न्यायला मीच येईन. काम भिकार झालंय, पण चालता येतं.

दारात उभा असलेला,
तुझा बाप