टाइप-सी आणि राजेश्वरीचा फोटो

३ नोव्हेंबर २०२५, कुंडल
नवा लॅपटॉप आला. भोकं दोनच, दोन्ही टाइप-सी. चार्जिंग, टीव्ही, हार्डडिस्क, सगळं त्यातूनच. जुन्या वायरींचे दिवस संपले. सैन्यात सतरा वर्षं सिग्नलला होतो. वायरीतलं मला कोणी सांगायला नको.
चोवीसला राजेश्वरीचं, माझ्या बायकोचं, पहिलं पुण्यस्मरण. फ्लेक्सवर तिचा चांगला फोटो हवा. मुलीकडे, अंकिताकडे, तिच्या लग्नातला आहे, पण त्यात राजेश्वरी रडतेय. हसरे सगळे माझ्या हार्डडिस्कमध्ये. मीच काढलेले.

५ नोव्हेंबर
जुन्या वायरींची पिशवी मनुबाईला दिली. ती भंगारावर लसूण देते. पावशेर आला. अंकिता फोनवर म्हणाली, हार्डडिस्कची वायर तेवढी ठेवा. तिला सांगितलं, आता एकच वायर सगळ्याला चालते.

८ नोव्हेंबर
हार्डडिस्कचं तोंड रुंद आणि चपटं. टाइप-सी त्यात जात नाही. हार्डडिस्क बनवणाऱ्यांनी पुढचा विचार केलेला नाही.

११ नोव्हेंबर
पलूसला मोहसीनच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. विचारायला नाही, सहज. तो म्हणाला, हार्डडिस्कची जुनीच वायर लागेल, तिच्या टोकाला छोटा कन्व्हर्टर. ती वायर त्याच्याकडं नव्हती.
वर म्हणाला, "काका, नवीन आलं म्हनून जुनं लगीच मरत न्हाई."
सर्वांत वेगवान टाइप-सी वायर घेऊन आलो.

१२ नोव्हेंबर
वायर उत्तम. दोन्ही टोकं टाइप-सी. त्यामुळे लॅपटॉपचं एक भोक दुसऱ्या भोकाला जोडता येतं. जोडलं. काही झालं नाही.

१५ नोव्हेंबर
मनुबाईकडे गेलो. आमच्या हार्डडिस्कच्या वायरीनं तिनं शेळी बांधली होती. बदली दोरी दिली.
"शेळी धरा आदी, मग सोडा," ती म्हणाली. "आन् लसूण ऱ्हाऊ द्या. वहिनींच्या कार्याला लागंल."
एक टोक चघळलेलं आहे. पिना शाबूत. अंकिताला कळवायचं नाही.

१८ नोव्हेंबर
मोहसीनकडून कन्व्हर्टर आणला. त्यानं काही विचारलं नाही. भला माणूस.

१९ नोव्हेंबर
हार्डडिस्क उघडली. सिग्नलवाल्याचा हात. फोटो दोनशे चौदा. सगळे उसाचे.
उंची कळावी म्हणून दर फोटोत राजेश्वरीला शेजारी उभं केलेलं. शेंडा यावा म्हणून मी मागं सरकत बांधापर्यंत गेलेलो. तिचा चेहरा तांदळाएवढा. मोठा केला तर नुसते चौकोन.
ती दरवेळी म्हणायची, "आवं, जरा जवळ या की."
मी म्हणायचो, शेंडा कापला जातोय.

२४ नोव्हेंबर
अंकिताच्या लग्नातला लावायचा नव्हता. उसाचाच लावला. पूर्ण. फ्लेक्स दहा फुटी, त्यात राजेश्वरी हातभर. हसतेय असं वाटतं. तीन पाहुण्यांनी उसाचं बेणं कोणतं ते विचारलं. सांगितलं.
मांडव रिकामा झाल्यावर फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. तिथून शेंडा दिसत नव्हता.